गादीवरचा मुका पाहुणा

१

मंगळवारी सकाळी साडेआठला तुळजाबाई शितोळे धर्मार्थ रुग्णालयाच्या पायऱ्या चढत होत्या. तेव्हाच पुरुषांच्या वॉर्डातलं कण्हणं त्यांच्या कानावर आलं आणि ते कोणाचं हे त्यांनी लगेच ओळखलं. दुखणं कितीही मोठं असो, कण्हणं सुरात होतं. असं काळी दोनच्या पट्टीत कण्हणारा माणूस पुण्यात एकच, पेटीवाले श्यामसुंदर काणे.

तुळजाबाईंनी याच रुग्णालयात एकतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि आता त्यांच्या संध्याकाळी कीर्तनाला वाहिलेल्या होत्या. शहरात कुठेही चिपळ्या वाजोत, तिसऱ्या रांगेत स्वतःचं बस्कर टाकून त्या बसलेल्या असायच्या. कालही होत्या. राममंदिरातल्या उत्सवाची आरती झाली, श्यामसुंदर पेटी उचलून व्यासपीठावरून उतरायला गेले आणि तिथली पायरी मांडववाल्याने हलवलेली होती. पडताना त्यांनी पेटी छातीशी धरली. पेटीला ओरखडा नाही, मांडीच्या हाडाचे मात्र दोन तुकडे.

पण आज तुळजाबाईंना बोलावणं आलं होतं ते वॉर्डातल्या सिस्टर नसीमचं. बाईसाहेब, जमलं तर या, एवढाच फोन. बावीस वर्षांच्या नोकरीत नसीमने कधी कोणाला जमलं तर या म्हटलं नव्हतं.

वॉर्डाच्या दारातच आप्पासाहेब गोगटे उभे होते. रुग्णालयाच्या विश्वस्तांचे प्रमुख तेच आणि उत्सवाचे कार्यवाहही तेच.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमची लाडकी सिस्टर. काल रात्री काण्यांना मॉर्फिनची दोन इंजेक्शनं दिली म्हणून वहीत सही आहे. माणूस रात्रभर तळमळतोय. मॉर्फिन म्हणजे हत्ती झोपेल असं औषध. मग आत गेलं ते काय गेलं? पाणी. आणि खरं औषध कुठे गेलं, हे मी बोलायला हवं का?"

"तुम्ही ते आधीच बोललात म्हणे, खालीच कानावर आलं. सगळ्या वॉर्डासमोर."

"मला लपवाछपवी आवडत नाही."

नसीम औषधांच्या टेबलाशी उभी होती. डोळे सुजलेले, पण टोपी सरळ. तिने कमीत कमी शब्दांत सांगितलं, "कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कुपी फोडताना दुसऱ्या सिस्टरने बघायचं असतं. ती वरच्या मजल्यावर होती आणि हे ओरडत होते. मी थांबले नाही. ती चूक माझी. पण दोन्ही वेळा औषध दिलंय, बाईसाहेब."

"उद्या दहा वाजता बैठक आहे," आप्पासाहेब म्हणाले. "तोपर्यंत राजीनामा, नाहीतर पोलीस."

नसीमची मुलगी मेहरुन यंदाच कर्वेनगरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला लागली होती. आईचं बघून तिने तो रस्ता धरला होता. पोलिसांपेक्षा नसीमला लेक काय म्हणेल याची जास्त भीती वाटत होती, हे तुळजाबाईंना न सांगता कळलं.

"दहाला म्हणजे अजून पंचवीस तास," त्या म्हणाल्या. "एवढ्या वेळात तर बुवा दहा आख्यानं लावतात."

२

श्यामसुंदरांच्या पायाला वजन लटकवलं होतं. कपाळावर घाम होता, पण जीभ शाबूत होती.

"या, तुळजाबाई. काल तिसऱ्या रांगेतून माझी उडी पाहिलीत ना? पुढच्या वर्षी तिकीट लावणार आहेत."

"दुखतंय किती?"

"तुम्ही जाऊन आप्पासाहेबांचं भाषण ऐका. ते संपत आल्यासारखं वाटतं आणि संपत नाही. तसं."

त्यांची बायको मैनाबाई उशाशी स्टुलावर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, सतत पदर सावरणाऱ्या. त्यांनी पिशवीतून पितळी डबी काढली, चमचाभर पूड मधात कालवली आणि नवऱ्याच्या तोंडाशी धरली.

"हे काय आता?" तुळजाबाईंनी विचारलं.

"ज्येष्ठमध," श्यामसुंदर म्हणाले. "गळ्यासाठी. पेटीबरोबर मागून सूर द्यायचा म्हणजे गळा लागतोच. हिने थंडीत सुरू केलंय, एक दिवस खाडा नाही. हाड मोडो नाहीतर आभाळ." त्यांनी चमचा तोंडात घेतला आणि चेहरा वाकडा केला. "पूर्वीचं ज्येष्ठमध असं नव्हतं हो. आता तेही कडू यायला लागलं."

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना, कुठली औषधं चालू आहेत?"

"विचारलं. एकही नाही म्हणून सांगितलं. साखर नाही, रक्तदाब नाही." मग आवाज जरा चढला. "आणि दारूही नाही. हे त्या जयसिंग डॉक्टरला मी स्वतःहून सांगितलं. पाच महिने झाले. लोक आश्रमात जातात, गोळ्या घेतात, शपथा घेतात. आपण काही केलं नाही. मनावर घेतलं, बाटली फोडायचीसुद्धा गरज पडली नाही, प्यायची इच्छाच गेली. कालच्या पूर्वरंगात बुवांनी माझं उदाहरण दिलं, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. मनोनिग्रहावर निरूपण करताना बुवांनी पेटीकडे हात केला होता आणि सगळं मंदिर श्यामसुंदरांकडे वळून बघत होतं. तेव्हा बायकांच्या रांगेत बसलेल्या मैनाबाई मात्र मांडीवरच्या पिशवीकडे बघत होत्या.

आत्ताही त्या पिशवीकडेच बघत होत्या.

३

औषधांच्या कोठीत श्रीनिवास बसला होता. एक खोकं हलवायचं असलं तरी तीनदा मोजणारा माणूस. तुळजाबाई दिसताच तो उठून उभा राहिला.

"बाई, मी काही बोललो नाही. आप्पासाहेबांनी विचारलं, कुपीत आधीच पाणी असू शकेल का. मी म्हटलं, नाही. काचेची बंद कुपी. मान मोडल्याशिवाय उघडत नाही आणि एकदा मोडली की जोडता येत नाही. खरं तेच सांगितलं."

"आणि त्याने नसीमचा गळा आवळला गेला."

"मला काय माहीत असा आवळेल," श्रीनिवास कळवळून म्हणाला. "कुपी खरी म्हटल्यावर फसवणूक सुईतच झाली, असं ते म्हणाले."

"मग आपण सुईच बदलू."

डॉ. जयसिंग काळभोर हाडांचे डॉक्टर. तरुण, उंच आणि जुन्या मेट्रनबाईंपुढे अजून शाळकरी पोरासारखे उभे राहणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अकरा वाजता नवं खोकं मागवलं. खोकं श्रीनिवासने उघडलं. कुपी तुळजाबाईंनी निवडली. मान डॉक्टरांनी मोडली, औषध त्यांनीच भरलं आणि त्यांनीच दिलं. आप्पासाहेब चष्मा पुसून बघत होते. नसीमला मुद्दाम दाराबाहेर उभं केलं होतं.

अर्धा तास गेला. श्यामसुंदर टक्क जागे.

"डॉक्टर, तुमचं झालं असेल तर आता औषध द्या," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी खिशातली छोटी बॅटरी काढून त्यांच्या डोळ्यांवर धरली. मॉर्फिन अंगात भिनलं की डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या होतात. इथे बाहुल्या होत्या तशाच, चांगल्या मिरीएवढ्या.

"म्हणजे खोकंच खोटं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांची मान सावकाश श्रीनिवासकडे वळली. श्रीनिवासचा चेहरा खडूसारखा झाला.

"थांबा जरा," तुळजाबाई म्हणाल्या. "बायकांच्या वॉर्डात सोजरबाईंचं इंजेक्शन बाराला आहे ना? त्यांना याच खोक्यातलं द्या."

सोजरबाई लोणी काळभोरच्या. खुब्याचं हाड मोडून आठवडाभर पडून होत्या. इंजेक्शन घेता घेता त्या म्हणाल्या, "द्या बया. काल त्या नशीम पोरीनं दिलं, आन् मी जी झोपले, सपनात ऊस तोडून पार गाडीत भरला. लई गुनाची पोर हाय." आणि पुढचं वाक्य अर्धंच राहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या. थोड्या वेळाने घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येऊ लागलं.

खोकं खरं आणि देणारा हात खरा, तरी या एका माणसापाशी औषध मुकं होत होतं.

"ढोंग करतोय," आप्पासाहेब म्हणाले.

"मांडी मोडल्याचं?" डॉक्टरांनी विचारलं. आणखी मॉर्फिन द्यायला त्यांनी साफ नकार दिला. त्याऐवजी भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलावून जांघेत, मांडीकडे जाणाऱ्या नसेपाशी, बधिर करणारं इंजेक्शन दिलं.

पंधरा मिनिटांत कण्हणं थांबलं. श्यामसुंदरांनी आश्चर्याने पायाकडे पाहिलं आणि लगेच विचारलं, "जेवायला काय आहे?"

आप्पासाहेबांनी हात झटकले. तुळजाबाई मात्र व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसल्या, आणि गेल्या चार तासांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

४

एक औषध चालत नाही, दुसरं चालतं. दुखणं तेच, माणूस तोच. म्हणजे प्रश्न हातांचा नव्हता आणि कुपीचाही नव्हता. प्रश्न होता वाटेचा. मॉर्फिन ज्या वाटेने जातं ती वाट कोणीतरी अडवून बसलं होतं.

कोण असं अडवून बसतं, हे मेट्रनबाईंना ठाऊक होतं. पण ते औषध आपल्या पायांनी कोणाच्या पोटात जात नाही. रोज कोणीतरी द्यावं लागतं.

चार वाजता मैनाबाई पिशवी घेऊन वॉर्डाकडे निघाल्या. तुळजाबाईंनी बाकावर शेजारी जागा करून दिली.

"बसा घटकाभर. ती डबी बघू जरा."

मैनाबाईंनी पिशवी घट्ट धरली. "ज्येष्ठमध आहे हो."

"मी ज्येष्ठमध लहानपणापासून चघळते, मैनाबाई. ते गोड असतं. जुनं झालं तरी गोड, ओलं झालं तरी गोड. कडू काही असेल तर ते ज्येष्ठमध नाही." त्यांचा आवाज हळू होता. "पूड थंडीत सुरू झाली. दारूची इच्छाही थंडीत गेली. दोन्हीला पाच महिने. बुवा तुमच्या यजमानांचं कौतुक करत होते तेव्हा सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. तुम्ही एकट्या खाली."

 खाली रस्त्यावर स्वारगेटची बस थांबली, माणसं उतरली, बस निघून गेली.

"नसीमच्या घरी एक मुलगी आहे," तुळजाबाई म्हणाल्या. "तुमच्याएवढीच तीही काही वाचवायला बघतेय."

मग मैनाबाई बोलल्या. सगळं, पहिल्यापासून. तुळजाबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी डबी आपल्या ताब्यात घेतली.

"डॉक्टरांना आत्ता सांगायचं, माझ्यासमोर. उद्या दुपारी यांना भूल देऊन हाड बसवणार आहेत. भूल देणाऱ्याला हे ठाऊक नसलं तर जिवावर बेतेल."

"आणि यांना?"

"यांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

"ते मला घराबाहेर काढतील."

"पाय मोडलाय त्यांचा," तुळजाबाई म्हणाल्या. "महिनाभर तरी कोणाला बाहेर काढायला उठता येणार नाही. तेवढ्यात राग बसेल."

मैनाबाईंना रडता रडता हसू आलं.

५

बुधवारी दहाची बैठक तुळजाबाईंच्या आग्रहाने श्यामसुंदरांच्या पलंगाशी भरली. आप्पासाहेब खुर्चीवर, डॉक्टर आणि श्रीनिवास उभे, नसीम पायथ्याशी. आसपासचे रोगी कुशीवर वळून ऐकायला लागले.

"आधी पूर्वरंग," तुळजाबाई म्हणाल्या. "नारदाची गादी असते. तिच्यावर एका वेळी एकच बुवा उभे राहतात. ते उभे राहिले, बोलले, की मंदिरात शांतता होते, पोरं रडायची थांबतात. आपल्या शरीरात नसांच्या जाळ्यात अशाच बारीक बारीक गाद्या आहेत, लाखो. मॉर्फिन त्यांच्यावर जाऊन उभं राहतं आणि दुखण्याला गप्प करतं. आता समजा, बुवा यायच्या आधीच एक पाहुणा गादीवर चढून उभा राहिला. तोंडातून शब्द काढत नाही, चिपळी वाजवत नाही, पण खालीही उतरत नाही. मग बुवा कितीही थोर असोत. एक आले, दोन आले, तिसरे काल अकराला आले. सगळे दाराशी ताटकळले. कीर्तन व्हायचं कसं?"

"आणि ते बधिर करणारं?" श्रीनिवासने विचारलं. त्याला आता रंग चढला होता.

"त्याला गादी लागतच नाही. ते लाउडस्पीकरची तारच बंद करतं. पाय ओरडतोय, पण मेंदूपर्यंत पोचत नाही. म्हणून ते चाललं."

"असा पाहुणा असतो," डॉ. जयसिंग म्हणाले. "त्या गोळीचं नाव नाल्ट्रेक्सोन. दारू सोडवायला देतात. दारूने जी खुशी होते तिलाही काही अंशी याच गाद्या लागतात. त्या अडल्या की प्यायची ओढ कमी होते. एक गोळी घेतली की पाहुणा दोन-तीन दिवस हलत नाही."

श्यामसुंदर हसले. "चांगलं आख्यान आहे. पण मी कुठलीही गोळी..."

ते थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"उत्तररंग माझा नाही," तुळजाबाई म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

मैनाबाई उभ्या राहिल्या. पदर सावरला नाही. "मीच. भावाला दिली होती ती गोळी डॉक्टरांनी, त्याची सुटली. त्याच्याच चिठ्ठीवर मी आणत राहिले. कुटायची, ज्येष्ठमधात घालायची. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही घेतली नसती. दवाखान्यात आलो तेव्हा वाटलं, ही थांबवली आणि हाडाच्या दुखण्यात ते व्यसनही परत आलं तर. म्हणून इथेही दिली. तिने दुखणं अडतं हे मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. या सिस्टरवर आळ आला तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मला त्या आळाचा या गोळीशी संबंधच कळला नाही, आणि खरं सांगायचं तर मी कळून घ्यायला घाबरले."



श्यामसुंदरांनी नजर छताकडे वळवली. "पाच महिने," ते म्हणाले. "पाच महिने मी स्वतःच्या मनोनिग्रहावर लोकांना प्रवचनं देतोय. परवा तर हडपसरला शालही मिळाली." मग आवाज उतरला. "मैना, मी तुझा नवरा होतो की कुंडीतलं झाड? खत घालताना झाडाला विचारत नाहीत, माणसाला विचारतात."

"विचारलं होतं. सात वर्षं विचारत होते."

 श्यामसुंदर भिंतीकडे वळणार होते, पण वजन लटकवलेला पाय वळू देईना.

डॉ. जयसिंगांनी घसा साफ केला. "बाई, न सांगता औषध देणं चूकच. एखाद्या वेळी अशाने जीवही जातो. पण काणेकाका, एक सांगतो. ही गोळी हात धरून पेला खाली ठेवायला लावत नाही. पाच महिन्यांत तुमच्यासमोर पेला आला असेल?"

"लग्नाच्या दोन वराती आणि तबलजीचा वाढदिवस."

"मग नको म्हणणारं तोंड कोणाचं होतं?"

 श्यामसुंदरांच्या कपाळावरची एक आठी सैल झाली आणि थोड्या वेळाने ते नसीमकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही खरं औषध देत होतात आणि मी तुम्हाला रात्रभर शिव्या घातल्या. सुरात घातल्या, पण घातल्या."

"चालायचंच, काका."

"चला," आप्पासाहेब उठत म्हणाले. "म्हणजे प्रकरण मिटलं. सिस्टर, माझ्या खोलीत या, दोन शब्द बोलून टाकू."

"साहेब," नसीम म्हणाली. आवाज न वाढवता. "चोर म्हणालात ते इथे उभं राहून म्हणालात. कुपी एकटीने फोडली त्याची समज मला लेखी द्या, मी सही करते. आणि ते दोन शब्दही मला लेखीच द्या. मुलीला दाखवायचे आहेत."

आप्पासाहेबांनी तुळजाबाईंकडे पाहिलं. तुळजाबाई म्हणाल्या, "तुम्हाला लपवाछपवी आवडत नाही ना?"

६

हाड बुधवारी दुपारी कमरेखाली भूल देऊन बसवलं. दोन दिवस बधिर करणाऱ्या इंजेक्शनांवर निभावलं. शुक्रवारी दुपारी त्यांचा अंमल ओसरला आणि श्यामसुंदर पुन्हा काळी दोनमध्ये कण्हू लागले. तुळजाबाई भेटायला आल्या होत्या. मैनाबाई स्टुलावर मोसंबी सोलत होत्या. नवरा अजून त्यांच्याशी मोजकंच बोलत होता, पण फोडी त्यांच्याच हातच्या खात होता.

"पाहुणा उतरत आलाय," डॉ. जयसिंग म्हणाले. "आता मॉर्फिन लागू पडेल, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच. गाद्या इतके दिवस अडलेल्या होत्या. म्हणून अगदी थोडं, आणि श्वासावर नजर ठेवायची."

"डॉक्टर," श्यामसुंदर म्हणाले, "पाय बरा झाला आणि ही इंजेक्शनं संपली की ती गोळी मला परत लिहून द्या. माझ्या नावावर. मी माझ्या हाताने घेईन."

मैनाबाईंच्या हातातली मोसंब्याची फोड तशीच राहिली.

"आणि ज्येष्ठमध वेगळं दे," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "गोड असतं म्हणे."

नसीमने कुपी आणली. दुसऱ्या सिस्टरने बघितलं, तिच्यासमोर मान मोडली. औषध हळूहळू आत गेलं. श्यामसुंदर काहीतरी टोमणा मारायच्या बेतात होते, पण तो ओठांवरच विरघळला. कपाळ मोकळं झालं. डोळे मिटले. कण्हण्याचा सूर खाली खाली येत थांबला.

मैनाबाईंनी धास्तावून तुळजाबाईंचा हात धरला. तुळजाबाईंनी नुसती मान हलवली, सगळं ठीक आहे अशी.

नसीम स्टूल ओढून उशाशी बसली. मनगटावरच्या घड्याळाकडे एक डोळा आणि छातीच्या वरखाली होण्याकडे एक डोळा, ती मनातल्या मनात श्वास मोजत होती.

तेवढ्यात आप्पासाहेब दारात आले. हातात रुग्णालयाच्या शिक्क्याचं पाकीट होतं आणि चेहऱ्यावर केव्हा एकदा देऊन मोकळा होतो असा भाव. त्यांनी खाकरून बोलायला तोंड उघडलं.

नसीमने मान न वळवता एक बोट वर केलं. थांबा.

आप्पासाहेब थांबले. पाकीट दोन्ही हातांत धरून, सगळ्या वॉर्डासमोर, तिचे श्वास मोजून होईपर्यंत.